न कोरलेली जागा

बाई आरशात बघायच्या, पण स्वतःचा चेहरा सोडून बाकी सगळं.

त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत पत्र्याच्या चौकटीचा एक आरसा असे. भर बाजारात त्या मध्येच थांबायच्या, बाजाराकडे पाठ करायच्या आणि आरसा डोळ्यांसमोर धरून मागचा बाजार न्याहाळत राहायच्या. तराजू, बैल, टोपल्या, भांडणाऱ्या बायका, सगळं उलटं. कर्जतसारख्या गावात एका बिनलग्नाच्या बाईने रस्त्यात आरसा काढला, तर त्याचा जो अर्थ निघायचा तोच निघाला. "नटायला घर पुरत नाही वाटतं," असं आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी म्हटलेलं बाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "मी नटलेली दिसले तर मलाही हाक मारा म्हणावं. मलाही बघायचंय."

बाई लाकडावर चित्र कोरून त्याचे ठसे काढत. कोरलेलं चित्र कागदावर उमटताना फिरतं. उजवा हात डावा होतो, पूर्वेला निघालेला माणूस पश्चिमेला निघतो. म्हणून कोरणाऱ्याला जग आधी उलटं पाहावं लागतं. बाईंनी इतकी वर्षं ते तसं पाहिलं होतं, की उलटं आणि सुलटं यांत त्यांना फरकच वाटेनासा झाला होता. त्यांचं सगळं मोठेपण यात होतं, आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःखही यातूनच निघालं.

मी खालापूर तालुक्यातली. पाताळगंगेच्या काठी आमचं गाव. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चार बुकं शिकलेलं नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर मी कर्जतच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि बाहेरून पदवीचा अभ्यास करायचं ठरवलं. तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. एकट्या मुलीला खोली द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. बाई त्याच शाळेत चित्रकला शिकवायच्या. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत त्या मला म्हणाल्या, "माझ्याकडे राहा. घराला आतली दारं नाहीत, चालेल का?"

मला वाटलं, मोकळेपणाने राहा असं सांगायची ही शहरी पद्धत असेल. पण घराला खरोखरच आतली दारं नव्हती. बिजागऱ्या तेवढ्या चौकटीला लोंबत होत्या. मधलं दार बाईंनी काढून त्यावर जात्यावर बसलेल्या दोघी कोरल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारावर बाळंतीण होती. दोन्ही दारं भिंतीला टेकून उभी होती आणि त्यांच्या जागी गोणपाटाचे पडदे होते. लढाईच्या दिवसांत चांगलं वाळलेलं सागवान मिळणार कुठून? ते घरातच होतं.

घरमालक भाताचे व्यापारी, शेजारीच राहायचे. ते दर काही दिवसांनी मधला पडदा बाजूला सारून उंबऱ्यावर उभे राहायचे.

"बाई, दार म्हणजे घराची अब्रू असते हो."

"हो ना. म्हणून तर त्याच्यावर बायका कोरल्या. अब्रू सांभाळायचं काम नाहीतरी त्यांच्याकडेच असतं."

"माझी दारं मला परत हवीत."

"घेऊन जा. पण मग चित्रंही तुमचीच. पाहुणे आले की सांगायचं, ही माझ्या घरची बाळंतीण."

मालक कपाळाला हात लावून निघून जायचे. बाईंना घालवायचं ते दर वर्षी ठरवायचे आणि दर वर्षी राहून जायचं. त्याचं कारण मला नंतर कळलं.

बाई मुंबईच्या चित्रशाळेत शिकल्या होत्या. तिथे मुली फारच थोड्या, आणि त्यांनी फुलं काढावीत, फार तर एखाद्या म्हातारीचा चेहरा रंगवावा, अशी अपेक्षा. ठशांच्या वर्गात बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा तिथले मास्तर म्हणाले, "हे हातोडी-पटाशीचं काम. तुम्हाला झेपायचं नाही. तुम्ही रांगोळीच्या नक्षीचा अभ्यास करा." मी विचारलं, मग तुम्ही काय बोललात? बाई म्हणाल्या, "तेव्हा काहीच बोलले नाही. त्यानंतर आजपर्यंत बोलतेय."

पुढे एका प्रदर्शनात त्यांचे ठसे लागले. त्या हौसेने बघायला गेल्या. बाकी प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव होतं. यांच्या चित्राखाली छापलं होतं, 'एक महिला'. बाई हे हसत हसत सांगायच्या, पण सांगून झाल्यावर हातातली पटाशी उगाचच दगडावर घासत बसायच्या. त्यांची डाव्या हाताची तर्जनी अर्धी बधिर होती, जुना घाव. पटाशीची धार बघायला त्या तेच बोट वापरत.

त्या प्रदर्शनातूनच त्यांचा नियम आला असावा. जिचं चित्र, तिचं नाव चित्राखाली आलंच पाहिजे. आणि जिचं नाव, तिनं ते स्वतःच्या हाताने कोरायचं. दुसऱ्या कोणी कोरायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही.

शाळेतही त्यांचं असंच. मुलींना फुलदाणी काढायला दिली नाही कधी. "घरी आई आत्ता काय करत असेल, ते काढा." एका मुलीने जेवणारे वडील काढले आणि कोपऱ्यात वाढायला ताटकळलेली आई. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी ते चित्र उचललं आणि विचारलं, "यात कला कुठे आहे?"

बाई म्हणाल्या, "ती काय, कोपऱ्यात. अजून जेवलेली नाही."

माझ्यावर त्यांचे उपकार किती, ते सांगत बसले तर त्यांना आवडणार नाही. एवढंच सांगते, की माझा अभ्यास चालू असेपर्यंत त्या घरात मला चुलीपुढे बसू दिलं नाही. भात त्या करपवायच्या आणि मी इतिहास पाठ करायचा. "करपलेला भात विसरशील. नापास झालेली विसरणार नाहीस," असं म्हणत त्या खरवड स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

स्वातंत्र्य मिळायचं ठरलं तेव्हा गावातली चार वजनदार माणसं बाईंकडे आली. समारंभासाठी मंचामागे लावायला भारतमातेचं मोठं चित्र हवं होतं. बाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "कुठल्या गावची?"

"कोण?"

"भारतमाता. मला समोर बसवायला माणूस लागतं. मनातून काढता येत नाही."

मंडळी म्हणाली, तुम्हीच बघा कोणीतरी. बाईंनी बघितली. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या एका वाडीतून हौसा नावाची बाई लाकडाची मोळी घेऊन बाजारात यायची. उंच, हाडापेराने मजबूत, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. बाईंनी तिला मोळीसकट घरात उभी केली. हौसा म्हणाली, "बाय, मोळी उतरवू का नको?"

"नको. तू थकलीस की सांग, मी थांबते."

"मी नाय थकत गं. तूच थकशील बघून बघून."

चित्र तयार झालं. कपाळावर कुंकू नसलेली, डोक्यावर मोळी घेतलेली, पायांत काही नसलेली भारतमाता. मंडळींनी ते पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि समारंभाला मुंबईहून छापील चित्र मागवलं. त्या दिवशी गावभर पताका होत्या. बाई झेंड्याला वंदन करून आल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि घराच्या पुढच्या दाराकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. तेवढं एकच दार उरलं होतं.

"नको हो, बाई," मी म्हणाले.

"त्यांना एक माता हवी होती," बाई म्हणाल्या. "मी त्यांना गावातल्या सगळ्या देते."

पुढचं दार उतरलं. मालक धावत आले, पण या वेळी त्यांच्या मागून त्यांची बायकोही आली आणि त्यांना परत घेऊन गेली. त्यांचं नाव यमुना. हे नाव तोवर मलाही माहीत नव्हतं, सगळे त्यांना मालकीणबाई म्हणत. नवऱ्याची भाताच्या गोदामावर फेरी असली, की दुपारी त्या मागच्या अंगणातून बाईंकडे यायच्या आणि कोरायला शिकायच्या. बाईंचं बिऱ्हाड दर वर्षी हलायचं कसं राहून जायचं, ते मला त्या दिवशी उमगलं.

त्या दारावर बाई वर्षभर काम करत होत्या. लाकडं वाहणाऱ्या, भात लावणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, एक मालकीणबाई, पुस्तक घेऊन बसलेली एक मी. प्रत्येकीच्या पायाशी एक अरुंद पट्टी मोकळी ठेवलेली. त्या पट्टीत जिनं तिनं आपलं नाव कोरायचं. मी आणि मालकीणबाई सोडल्या तर यातल्या कोणालाही अक्षरओळख नव्हती. म्हणून दुपारी आमच्या ओटीवर वर्ग भरायचा. बाई कोळशाने फरशीवर प्रत्येकीचं नाव लिहायच्या, ठशासाठी लागतं तसं उलटं. बायका त्यावरून बोट फिरवायच्या, मग कोळसा, मग लाकडाच्या तुकड्यावर पटाशी. पाटी बाईंनी घरात आणू दिली नाही. "पाटीवरचं पुसलं जातं," त्या म्हणायच्या.

हौसा सगळ्यांत पुढे. तिने आपल्या चुलीमागची भिंत नावाने भरून टाकली. मोळी टेकवायच्या दगडावरही कोळशाने नाव लिहिलं. तिला घाई होती, आणि त्या घाईचं कारण तिने आम्हाला सांगितलं होतं.

नवरा गेला तेव्हा तिच्या वाट्याला भाताची दोन खाचरं होती. लढाईत रॉकेलची टंचाई झाली तेव्हा धाकटा दीर तिला म्हणाला, वैनी, रॉकेलचं कार्ड करायचंय, इथं अंगठा दे. तिने दिला. पुढच्या पावसाळ्यात ती वरच्या खाचरात लावणीला गेली तर दीर म्हणाला, हे तर तू माझ्या नावावर केलंस. आता नदीकडचं खालचं खाचर उरलं होतं, आणि त्याच्या नोंदीसाठी तिला कचेरीत जबाब द्यायचा होता. सही करता आली, तर तो तिचा तिने द्यायचा जबाब. अंगठा असला, तर घरच्या पुरुषाची ओळख-साक्ष लागणार, आणि घरचा पुरुष म्हणजे दीर.

"आंगठ्याला डोळं नसतात, बाय," हौसा म्हणायची. "तो कुटंबी बसतो. नाव तसं बसायचं नाय. नाव माजंच ऱ्हाईल."

दार कोरून झालं. फक्त उजव्या कोपऱ्यातली एक पट्टी मोकळी होती. त्या पट्टीच्या वर बाईंनी स्वतःलाही कोरलं होतं, पाठमोरी, हातात आरसा घेतलेली.

"तुमचं नाव?" मी विचारलं.

"हौसाची सही झाली की कोरीन. तोवर राहू दे."

"पण ठसा तर आत्ता काढायचाय."

"मग तेवढं काळं येईल. जिथे पटाशी लागलेली नसते तिथे सगळ्यात जास्त शाई बसते."

एवढ्या मोठ्या दाराचा ठसा काढायला यंत्र नव्हतं. बाईंनी दिव्यांची काजळी जवसाच्या तेलात घोटून शाई केली. लाटण्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून त्याने ती दारावर पसरली. वर कंट्रोलच्या दुकानातलं जाडंभरडं मांजरपाट ओलसर करून अंथरलं, त्याच्यावर गोधडी, आणि बायकांना म्हणाल्या, "आता नाचा."

कोणी हलेना. दारावर पाय? तोही बायकांच्या चित्रावर? मग हौसा पुढे झाली. "रोज तुडवून घेतोच की. आज आपलं आपुन तुडवू." ती गोधडीवर चढली. तिच्यामागून एकेक चढली. झिम्मा सुरू झाला, मग फुगड्या. मालकीणबाई पदर खोचून आल्या. मालक पडद्याआडून म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?" आणि आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काय म्हणतील ते ऐकायला तुम्ही बाहेर आहातच की!" हसता हसता एकीचा तोल गेला आणि सगळ्या गोधडीवर कोसळल्या. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना इतकं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

गोधडी उचलली, मांजरपाट सोललं, उलटवलं. काळ्यावर पांढऱ्या बायका, आणि प्रत्येकीखाली तिचं नाव, सरळ, वाचता येण्यासारखं. मी एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. जिचं नाव येई ती "हाय!" म्हणे, शाळेतल्या हजेरीसारखं. कोपऱ्यातली काळी पट्टी बघून हौसाने विचारलं, "ह्यो डाग कसला?"

"तो तू घालवायचाय," बाई म्हणाल्या. कापड त्यांनी हौसालाच देऊन टाकलं.

कचेरीत जायचा दिवस उजाडला. हौसा नवं लुगडं नेसून आली होती. मी आणि बाई बरोबर होतो. दीर आधीच आला होता, हसतमुख. "वैनी, कशाला तरास घेतलास? मी हाय ना. आंगठा दे आन् मोकळी हो."

"आंगठा नाय. सही करनार."

कारकून वयस्कर, शांत गृहस्थ होते. कौतुकाने म्हणाले, "अरे वा! करा." त्यांनी टाक तिच्या हातात दिला आणि कागद पुढे सरकवला. हौसाने लुगड्याला हात पुसला. कागदाच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली आणि एकदाही न थांबता नाव लिहिलं. सुंदर, घोटीव. आणि उलटं.

कारकुनांनी कागद उचलला. चष्मा वर केला, खाली केला. "ही मोडी आहे का?" मग शेजारच्याला दाखवला. "मोडी नाही, बाळबोध नाही. हे काय आहे?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आमच्या घरात फरशीवर, भिंतीवर, लाकडावर, जिथे तिथे उलटी अक्षरं असायची, ती आम्हा दोघींना सरळच वाचता यायची. हौसा नाव फक्त लाकडासाठी शिकली होती. कागदावर ते कधी लिहून पाहायला हवं, हे कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

दीर हसायला लागला. "नाव न्हाय, चित्र काढलंय तिनं. चित्राच्या बाईकडं जाते ना!"

बाईंनी पिशवीतून आरसा काढला. कागदासमोर धरला आणि कारकुनांना म्हणाल्या, "वाचा."

कारकुनांनी आरशात पाहिलं. हळूच वाचलं, "हौसा."

मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी कागद खाली ठेवला. खरं सांगायचं तर त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "बाई, मला वाचता आलं. पण सरकारी कागद आरसा लावून वाचायची सोय नाही. वरचे साहेब मला विचारतील."

"आत्ता सरळ लिहील ती." बाईंनी दुसऱ्या कागदावर सरळ नाव लिहून दिलं. हौसाने प्रयत्न केला. हात पुन्हा पुन्हा उजवीकडूनच निघायचा. बाईंनी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि टाक डावीकडे नेला.

"सायेब, हात धरून केली तर ती सही बाईंची झाली," दीर म्हणाला.

कारकुनांनी मान डोलावली. बाईंनी हात काढून घेतला. तो हात मग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

बाई म्हणाल्या, एक दिवस द्या. कारकून म्हणाले, जबाबाचा दिवस आजचाच, दुसरा पक्ष हजर आहे. बाई म्हणाल्या, साक्ष मी देते. घरचा माणूस लागतो, ते म्हणाले. मग शाईची डबी पुढे आली. दीर गोड आवाजात म्हणाला, "दे, वैनी. तुला काय मी उपाशी ठेवीन? वर्साचं भात देईन तुला."

हौसाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. डबी झाकली आणि परत सरकवली. "आंगठा नाय देनार."

"अगं, मग नोंद याच्याच नावे होईल," कारकून कळवळून म्हणाले. "तुझा जबाबच नाही असं लिहावं लागेल मला. भातही जाईल."

"जाऊ दे. रॉकेलसाठी दिला तो शेवटचा."

तसंच झालं. खाचर गेलं, वर्षाचं भातही गेलं. हौसा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी मोळी घेऊन बाजारात आली.

त्यानंतर बाईंनी पटाशी हातात घेतली नाही. त्यांनी पाट्या आणल्या आणि ओटीवर बायकांना सरळ अक्षरं शिकवायला लागल्या. काही जणी आल्या. हौसा आली नाही. बाई स्वतः तिच्याकडे गेल्या तर ती म्हणाली, "आता पुन्यांदा नाय शिकायचं, बाय. मला येतंय माजं नाव. त्यांनीच आरसा आणावा." ती हे रागाने म्हणाली नव्हती. परत येताना घराजवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "मी तिला लाकडाच्या बाजूने शिकवलं गं. कागदाच्या बाजूला ती उभी होती, आणि मी एकदाही तिकडे जाऊन बघितलं नाही."

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. अंगठा दिला असता तरी दिराने फसवलंच असतं, असं म्हटलं. "भात तरी मिळालं असतं," बाई म्हणाल्या. "अंगठा द्यायचा नाही, हे तिच्या मनात माझ्याच ओटीवर पक्कं झालं. अभिमान मी दिला आणि शेत त्याने घेतलं." पण हौसाने डबी झाकली तेव्हाचा तिचा हात मला अजून दिसतो, आणि ती हरली असं माझ्या तोंडून निघत नाही.

मला पदवी मिळाली तेव्हा बाईंनी त्यांची सगळ्यात बारीक पटाशी मला दिली. "मला आता लागत नाही." मग त्या कर्जत सोडून लांब आपल्या भावाकडे गेल्या. जाताना पुढचं दार त्यांनी सुताराकडून पुन्हा चौकटीत बसवून घेतलं, कोरलेली बाजू आत करून. आरसा त्या हौसाला देऊन गेल्या. मला वाटायचं, विश्रांती घेतील आणि पुन्हा सुरुवात करतील. मी पत्रं लिहायचे. उत्तरात पावसापाण्याविषयी असायचं, हौसाची चौकशी असायची. कामाविषयी एक ओळही नसायची.

बाई वारल्याची बातमी मला फार उशिरा कळली. मुंबईत चित्रकलेतल्या जाणत्या माणसांना मी विचारत फिरले. लाकडावर ठसे काढणारी त्या काळातली बाई? कोणी म्हणालं, तेव्हा कोणी बाई हे काम करत नव्हती. कोणी म्हणालं, नाव काय त्यांचं? मी सांगितलं. ते कोणीच ऐकलेलं नव्हतं.

मग मी पटाशी पिशवीत घातली आणि कर्जतला गेले. मनाशी ठरवलं होतं, की त्या मोकळ्या पट्टीत मी बाईंचं नाव कोरणार. निदान एका ठिकाणी तरी ते असेल.

मालक म्हातारे झाले होते. मालकीणबाई वारल्या होत्या. आता ते स्वतःच बाईंच्या त्या घरात राहात होते. मला आत घेऊन म्हणाले, "दार लावून घ्या, म्हणजे दिसेल." दार लागलं आणि सगळ्या जणी समोर आल्या. मालकांनी एका नावावर बोट ठेवलं. उलटं होतं, तरी त्यांना जागा पाठ होती. "हिला मी जन्मभर 'अगं' म्हटलं," ते म्हणाले. "दाराला गिऱ्हाईकं आली होती हो, चांगलं सागवान आहे म्हणून. नाही दिलं."

बाजाराचा दिवस होता. मी हौसाला शोधून बोलावून आणलं. केस पांढरे, कणा ताठ. बाई गेल्याचं तिला सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "त्यो डाग घालवायचा राह्यला गं माज्याकडून."

"तो आपण आज घालवू," मी म्हणाले आणि पटाशी काढली. पट्टीवर कोळशाने पहिलं अक्षर उलटं लिहायला हात उचलला, तर हौसाने मनगट धरलं.

"ठेव ती."

"अगं, नाव नको का त्यांचं कुठे?"

"पायजे. पन जिचं नाव तिनंच कोरायचं. तिनंच सांगितलेलं. हात धरून केलेली सही कुनाची होते, कचेरीत ऐकलंस ना तू?"

मी पटाशी पिशवीत ठेवली. बाईंचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही, ते म्हणूनच.

हौसाने पदराने ती मोकळी पट्टी पुसली. मग कमरेच्या पिशवीतून आरसा काढला, पत्र्याची चौकट गंजलेली, आणि दाराकडे पाठ करून तो डोळ्यांसमोर धरला. मी तिच्या खांद्यामागून पाहिलं. आरशात सगळ्या जणी सरळ झाल्या होत्या, सगळी नावं वाचता येत होती. कोपऱ्यात हातात आरसा घेतलेली एक पाठमोरी बाई होती आणि तिच्या पायाशी काहीच नव्हतं.

मालकांनी कडीला हात घातला. "दार उघडू का? अंधार झालाय आत."

"थांबा वाईच," हौसा म्हणाली. "वाचतेय मी."